डाउन केलेली गाडी सारखी घासते? उंची वाढवण्याआधी हे तपासा

पुण्या-मुंबईकडून सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकानं डाउन केलेली, म्हणजे स्प्रिंगा बदलून नाहीतर कापून खाली बसवलेली गाडी लातूरला, परभणीला नाहीतर अंबाजोगाईला येते आणि थोड्याच दिवसांत नवा मालक गॅरेजच्या दारात उभा असतो. "मामा, गाडी घासायलीय." तोवर त्यानं एखादा उपाय करूनही पाहिलेला असतो. कुणी स्प्रिंगमध्ये रबरी बफर कोंबलेले असतात, कुणी खालून जाड लोखंडी गार्ड ठोकून घेतलेलं असतं. गाडी तरीही घासतेच. कारण नेमकं काय घासतंय आणि कधी घासतंय, हे कुणी वाकून पाहिलेलंच नसतं. ते आधी पाहायचं. पैशाचं काम त्यानंतरचं.

कानानं ओळखा, चुन्यानं खात्री करा

घासण्याचे आवाज सारखे नसतात. लांबट, फाटका "खर्रर्र" आला तर बहुधा पुढच्या बंपरची खालची पट्टी किंवा इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर असतं. त्यात लाज जास्त जाते, पैसे कमी. धातूचा "ठण्ण" आला तर सायलेन्सरचा पाइप, त्याचा फ्लेक्सिबल तुकडा किंवा ऑइलचा चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची तेलाची टाकी. इथं गाडी बाजूला घेऊन बघायलाच हवं. आणि "धप्प" होऊन दणका सीटमधून थेट पाठीत आला, तर गाडी रस्त्याला टेकलेलीच नाही. शॉकअपची चाल संपून तो बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, आदळलाय. हा तिसरा आवाज लोक घासण्याच्याच खात्यावर टाकतात आणि उंची वाढवायच्या मागे लागतात. दुखणं शॉकअपचं असतं, खर्च स्प्रिंगवर होतो.

कानावर भरवसा नसेल तर भिंतीला देतात तो चुना दाटसर कालवा. इंजिन थंड असताना गाडी पिटवर घ्या आणि चेंबरचा तळ, गार्डची पुढची कड, फ्लेक्सिबल पाइप, मधला सायलेन्सर आणि दोन्ही बाजूंची जॅक लावायची पट्टी एवढ्या ठिकाणी ब्रशनं ओढा. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तिथं चुना नको, ओला खडू चोळा. चुना अ‍ॅल्युमिनियमला खातो. वाळल्यावर नेहमीच्या रस्त्यानं, नेहमीच्या माणसांनिशी आणि नेहमीच्या सामानानिशी एक चक्कर मारा. जिथला चुना खरवडला तो भाग दोषी. पुढे जे काही करायचं ते त्या भागासाठी.

"नेहमीच्या माणसांनिशी" यावर माझा जोर आहे, कारण गॅरेजमध्ये गाडी रिकामी येते आणि रिकाम्या गाडीचं माप घेऊन काही उपयोग नाही. आपल्याकडच्या हॅचबॅक आणि सेदान कंपनीतून साधारण १६० ते १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि रस्ता यांतली उंची, घेऊन येतात. स्विफ्टचा आकडा १६३ आहे. गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगनं ३५-४० मिलिमीटर गेले की उरतात सव्वाशेच्या आसपास. मग मागे तिघं बसले, डिकीत तुळजापूरचा प्रसाद, तांदळाचं पोतं आणि दोन बॅगा आल्या, की मागची बाजू आणखी दीड-दोन इंच बसते. शिवाय सीएनजी किट असेल तर भरलेल्या टाकीचं वजन एका धडधाकट माणसाएवढं धरा, आणि तो माणूस कधीच खाली उतरत नाही. म्हणून सगळ्यांना आत बसवून, सपाट फरशीवर, टेपनं मोजा. चेंबरखाली किती, मधल्या पाइपखाली किती, मागे किती, हे तीन आकडे लिहून ठेवा.

ब्रेकरचं गणित

लोक विचारतात, मोठ्या रस्त्यावरच्या नीट ब्रेकरवर काही होत नाही, मग गावातल्या एवढ्याशा उंचवट्यावर पोट कसं टेकतं? त्याचं उत्तर ब्रेकरच्या रुंदीत आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलसर ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे गाडी ब्रेकरच्या मधोमध असते तेव्हा चारही चाकं ब्रेकरवरच असतात आणि पोटाखाली येणारा फुगवटा जेमतेम पाच सेंटीमीटरचा. सव्वाशे मिलिमीटरवाली गाडीसुद्धा आरामात निघते. आता गावातला ब्रेकर घ्या: शाळेसमोर रात्रीतून टाकलेला, अर्धा मीटर रुंद आणि वीतभर नसला तरी पंधरा सेंटीमीटर उंच. पुढची चाकं उतरून गेलेली, मागची अजून यायचीत आणि अख्खे पंधरा सेंटीमीटर पोटाखाली. इथं कंपनीची न बदललेली गाडीही भरलेली असली तर टेकते. डाउन केलेल्या गाडीनं हे सरळ पार करायचा हट्ट धरू नये. उतारू उतरवा किंवा दुसरी वाट धरा.

रस्त्यावर आडवी खोदलेली पाइपलाइनची चारी हा याचाच भाऊ. विहिरीवरून पलीकडच्या शेतात पाणी न्यायला रस्ता फोडतात, वर मुरूम टाकून उंचवटा ठेवतात. तो दबेल या हिशेबानं ठेवलेला असतो, पण कधी दबतो तर कधी दगडासारखा होतो. उसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर पुढचे चार-पाच महिने, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला अशा चाकोऱ्या पाडतात की मधली वरंब थेट चेंबरला लागते. चाकोरीत चाकं घालून चालवू नका. एका बाजूचं चाक वरंबीवर, दुसरं कडेला. गाडी थोडी तिरकी चालली तरी पोट वाचतं.

फुकटातले उपाय आधी

चुन्यानं सायलेन्सर दाखवला असेल तर स्प्रिंगकडे जाऊच नका. पाइप रबरी कड्यांवर टांगलेला असतो. ही रबरं उन्हानं आणि उष्णतेनं ताणून लांबतात, चिरतात, एखादं तुटूनही पडतं, आणि पाइप बोट-दोन बोटं खाली लोंबतो. सगळी रबरं नवी घाला. स्प्रिंगच्या मानानं खर्च किरकोळ, आणि बऱ्याच गाड्यांची तक्रार इथंच संपते.

प्लास्टिकचं कव्हर लोंबत असेल तर त्याच्या क्लिपा मोजा. निम्म्या नसतात. सर्व्हिसिंगला कव्हर काढणारा पोरगा चार स्क्रूंऐवजी दोनच लावतो, पुढची कड खाली येते आणि वेगात वाऱ्यानं आणखी झुकते. जाड केबल टायनं आवळलं तरी भागतं.

चेंबर दाखवला तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरी बैठक, बघा. रबर बसलं की अख्खं इंजिन खाली उतरतं आणि चेंबरही त्याच्याबरोबर. गाडी न्यूट्रलला असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर हा संशय बळावतो. टायरमधली हवाही बघून घ्या; ते सांगायला गॅरेजवाला लागत नाही.

टायरमध्ये हरवलेली उंची

गाडी डाउन करणारा बहुधा अलॉयही बदलतो, आणि इथं उंची दुसऱ्यांदा जाते. समजा कंपनीचा टायर १८५/६५ आर १५ होता, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंत त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. त्याचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. त्याजागी दिसायला भारी म्हणून २०५/४५ आर १६ बसवला. रिम एक इंचानं वाढली तरी टायरची भिंत एवढी आखूड आहे की व्यास ५९१ वर येतो. तीस मिलिमीटरचा फरक, म्हणजे गाडी पंधरा मिलिमीटर खाली. स्प्रिंगला हातही न लावता. वर स्पीडोमीटर खरा वेग असतो त्याहून जास्त दाखवतो आणि पातळ भिंतीमुळे खड्ड्यात रिम वाकते, ते वेगळंच.

त्याच सोळाच्या रिमवर १९५/५५ आर १६ घातला की व्यास पुन्हा ६२१. पंधरा मिलिमीटर परत मिळाले, अलॉयही राहिली. टायर तसेही झिजत आले असतील तर मी सगळ्यात आधी हेच सुचवतो. फक्त बसवण्याआधी दोन्हीकडे स्टिअरिंग पूर्ण फिरवून आणि माणसं बसवून बघा, डाउन गाडीत कमानीला टायर घासू शकतो.

याला जोडून पावसाळ्याची एक गोष्ट. आपली काळी माती ओली झाली की टायरला चिकटून वर चढते. डाउन गाडीत टायर आणि कमान यांच्यात दोन बोटांचीही फट नसते. शेतरस्त्यावर थोडं अंतर गेलं की तिथं चिखल गच्च भरतो, चाक जड होतं, आतलं प्लास्टिकचं लायनर ओढून निघतं. चिखल तसाच वाळू दिला तर दुसऱ्या दिवशी तो ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या सेन्सरची वायरही तोडतो. शेतातून आल्यावर गाडीचं टप नंतर धुवा, आधी चारही कमानींमध्ये पाइप घाला.

शॉकअप, बफर आणि कापलेल्या स्प्रिंगा

आता "धप्प"वाल्यांकडे येऊ. लोअरिंग स्प्रिंग घातली पण शॉकअप कंपनीचेच ठेवले, तर शॉकअप कायम अर्धा दाबलेल्या अवस्थेत चालतो. त्याची खाली जायची चाल आधीच निम्मी संपलेली असते. त्यात काळ्या मातीवरचे रस्ते: माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर लाटालाटांनी खालीवर होतं. ताशी ऐंशीच्या वेगात एका लाटेवर गाडी दबते, सावरायच्या आत दुसरी लाट येते. शॉकअप दमलेला असेल तर तिसऱ्या लाटेला गाडी टेकते. खड्डा एकही नाही, ब्रेकर एकही नाही, तरी घासली.

तपासणी सोपी आहे. शॉकअपच्या दांड्याखाली तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसतो का बघा. बॉनेटचा कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा; वर येऊन थांबली तर ठीक, पुन्हा डुलली तर शॉकअप गेलाय. बंप स्टॉपचं रबर जागेवर आहे का तेही पाहा, चुरा होऊन पडलेलं असतं. नवे शॉकअप घ्यायचे तर लोअरिंग स्प्रिंगबरोबर चालणारे, आखूड चालीचे घ्या. जोडीनंच बदला.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर सगळीकडे मिळतात आणि लोक ते घालून मोकळे होतात. कंपनीच्या स्प्रिंगवर, मागे जास्त वजन घेणाऱ्या गाडीला ते चालतात. लोअरिंग स्प्रिंगवर मला ते पटत नाहीत. तिची वेटोळी आधीच जवळ असतात. त्यात बफर घातला की तेवढा भाग मुका होतो, सगळं काम उरलेल्या वेटोळ्यांवर येतं, गाडी लाकडासारखी कडक होते आणि स्प्रिंग तुटायची वेळ येते. उंचीच हवी असेल तर स्प्रिंगच्या बैठकीखाली किंवा स्ट्रटच्या, म्हणजे शॉकअप-स्प्रिंगच्या जोडाच्या, माथ्यावर १५-२० मिलिमीटरचं नीट मापाचं पॅकिंग बरं. त्याहून जाड नको, चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आणि खालच्या आर्मचा कोन बिघडतो. कॉइलओव्हर, म्हणजे रिंग फिरवून उंची बदलता येणारे शॉकअप, असतील तर प्रश्नच नाही: रिंगा सैल करा, वर घ्या, चारही कोपऱ्यांचं माप सारखं करा, आवळा. पण आपल्या धुळीत त्या रिंगा जाम होतात, त्यामुळे घासून साफ करून ग्रीस लावायचा सराव ठेवा.

स्प्रिंग कापलेली असेल तर मात्र बाकी काही करू नका, ती आधी काढा. ओळखायची कशी? गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, चाक लोंबू द्या आणि स्प्रिंग हातानं फिरवून बघा. हातानं फिरली, बैठकीतून सुटली, तर ती आखूड पडतेय. म्हणजे मोठ्या खड्ड्यात चाक खाली गेलं की धावत्या गाडीतही ती जागा सोडू शकते. गॅसच्या ज्वाळेनं तापवून बसवलेली असेल तर त्याहून वाईट. पोलादाचं पाणी गेलेलं असतं आणि ती दर महिन्याला थोडी थोडी बसत जाते. मालक म्हणतो, "घेतली तेव्हा घासत नव्हती, आता घासायलीय." बरोबरच आहे. असल्या स्प्रिंगवर गाडीत बाया-माणसं बसवणं मला मान्य नाही, आणि तसं मी तोंडावर सांगतो.

उंचीत काहीही बदल केला, वर किंवा खाली, की अलाइनमेंट करायचीच. नाहीतर टायर आतल्या कडेनं झिजतो आणि बाहेरून बघणाऱ्याला तारा दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. हेडलाइटचा झोतही बघा.

लोखंडी गार्ड घालावं का?

डाउन गाडीला जाड लोखंडी गार्ड म्हणजे उरलेल्या सव्वाशेतले दहा-पंधरा मिलिमीटर आपल्या हातानं देऊन टाकणं. पूर्वी न लागणारे ब्रेकरही मग गार्डला लागतात. चेंबर हाच सगळ्यात खालचा भाग असेल तरच गार्ड घ्या, आणि तेही सबफ्रेमला, म्हणजे इंजिनखालच्या चौकटीला, लागून बसणारं, पुढची कड वर वळवलेली, ऑइल काढायला भोक ठेवलेलं. सपाट पत्रा कापून चार बोल्टांवर टांगणाऱ्याकडे जाऊ नका.

घरच्या फाटकाचा रॅम्प

गल्लीत नवा सिमेंट रस्ता होतो, घराची पातळी आणि रस्ता यांचा मेळ बिघडतो, आणि मग रोज सकाळी फाटकातच गाडी घासते. हेही मोजता येतं. अडीच मीटर व्हीलबेस आणि १६५ मिलिमीटर उंचीची गाडी साधारण १५ अंशांचा उंबरा पोट न टेकवता ओलांडते. उंची १२० वर आली की ११ अंशच. आता फाटक रस्त्यापासून ३० सेंटीमीटर वर आणि रॅम्प १.२ मीटर लांब असेल तर चढ १४ अंशांचा होतो. शेजाऱ्याची कंपनीची गाडी जाते, तुमची जात नाही, ते यामुळेच. रॅम्प २.४ मीटर केला की चढ सात अंशांवर येतो आणि प्रश्न मिटतो. वाढवायचा तो फाटकाच्या आतल्या बाजूला. रस्त्यावर आणि नालीवर वाढवला तर नगरपालिका आणि शेजारी दोघंही दारात येतील.

चालवण्यात काय बदलायचं

ब्रेक ब्रेकरच्या आधी मारा आणि चाक चढायच्या आत सोडा. बहुतेकांचा पाय ब्रेकरवर चढतानाही पॅडलवरच असतो. तेवढ्यानं नाक खाली जातं आणि बंपरची पट्टी घासते. अरुंद ब्रेकर तिरका घ्या, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं आणि पोटाला थोडी जागा मिळते. रस्ता मोकळा असेल तरच, आणि आधी आरशात बघून, कारण तुम्ही तिरके झालात की मागचा मोटारसायकलवाला उरलेल्या फटीतून घुसतो. साइड स्कर्ट, म्हणजे दारांखालच्या शोभेच्या पट्ट्या, लावलेले असतील तर तिरकं घेताना तेच आधी लागतात. मागच्यांना उतरवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, पण सासुरवाडीची मंडळी बसलेली असताना तो जमेलच असं नाही.

चेंबर लागलाच तर

अहमदपूर ओलांडून लोह्याकडे निघालात, रात्रीची वेळ, मोठा "ठण्ण" झाला. लगेच थांबा, इंजिन बंद करा, मोबाइलच्या उजेडात खाली बघा. अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर तडकतो आणि तेल धारेनं जातं. पत्र्याचा असेल तर नुसता पोचा पडतो आणि तेल गळत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण पोचा खोल असेल तर तो आतल्या तेल ओढणाऱ्या जाळीला टेकतो, तेल वर चढत नाही आणि काही किलोमीटरवर बेअरिंग जातात. म्हणून गळती दिसो न दिसो, तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक बघा आणि इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा विझतोय का ते बघा. दिवा पेटून राहिला किंवा वाटेत लागला तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा विचार डोक्यात आणू नका. तो दिवा पेटतो तेव्हा तेलाचा दाब आधीच गेलेला असतो. एम-सील लावून वेळ मारून नेता येते, पण तडा पेट्रोलनं पुसून कोरडा केला तरच. तेलकट धातूवर ते धरत नाही.

टोइंगला फ्लॅटबेडच बोलवा. हुकनं पुढून उचलली तर आधी बंपर निघतो. फ्लॅटबेडच्या उतरणीवर चढवतानाही डाउन गाडीचं नाक टेकतं, म्हणून डिकीत दोन फळ्या ठेवलेल्या असाव्यात, चाकांखाली टाकायला.

विम्याचं आत्ताच बघून घ्या. चेंबर फुटला ते अपघाती नुकसान, पण तेल नसताना गाडी पुढे चालवून इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत ते परिणामी नुकसान म्हणून सहसा बाजूला काढतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन लागतं. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या, निर्मात्यानं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सस्पेन्शन बदललेलं विमा कंपनीला कळवलेलं नसेल तर सर्व्हेअर खाली वाकल्याबरोबर पहिला प्रश्न तोच विचारतो.

ज्यांना दर आठवड्याला गावाकडे, कच्च्या रस्त्यानं जावंच लागतं, त्यांना मी वरचं काहीच न सांगता कंपनीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप परत घालायला सांगतो. चारही कोपरे एका दिवसात होतात. काढलेल्या लोअरिंग स्प्रिंगा कापलेल्या नसतील तर त्यांना पुण्यात गिऱ्हाईक मिळतं.